खिडकीतला पेला

मी एक जुना स्टीलचा पेला आहे, मित्रांनो. माझ्यावर टिंबाटिंबांनी नाव कोरलंय : शंकरराव. हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात कोरायचं यंत्र कर्र करत होतं आणि नवी नवरी भागूबाई लाजून हसत होती, कारण नवऱ्याचं नाव तिलाच मोठ्यांदा सांगावं लागलं होतं.

पुढे मी शंकररावांच्या डब्याबरोबर रेल्वेच्या कारखान्यात जायचो. जेवण, पाणी, मग तंबाखू, मग माझ्यातल्या पाण्याने चूळ. वर्षानुवर्षं. मग जिभेच्या कडेला एक फोड आला. तो बरा होईना; कॅन्सर निघाला.

डॉक्टरांनी अर्धी जीभ काढली, जबड्याचा तुकडा काढला, मानेतल्या गाठी काढल्या. मांडीचं मांस तोंडात बसवलं. जेवण नाकातल्या नळीतून.

पहिला घोट

"आज पाणी पिऊन बघू," डॉक्टर म्हणाले. शंकररावांनी खुणेने मलाच घरून मागवलं. पाणी ओठांतून आत गेलं आणि

आणि हनुवटीखालच्या टाक्यांतून बाहेर आलं. कॉलर भिजली. आतली शिवण उसवून मानेपर्यंत वाट पडली होती. भरेल, वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मित्रांनो, पाणी गळू द्यायचं नाही, एवढंच मला आयुष्यभर येत होतं.

दुसरा घोट नाही

तारनाक्याच्या घरी सुनेने, शिल्पाने, मला खिडकीत ठेवलं. सगळ्यांपासून वेगळं.

"डॉक्टर बोले ना, लगता नै," मुलगा प्रज्ञेश म्हणाला.

"मालूम है जी. पण अमेय लहान आहे. लेकराच्या हाताला लागलं तर?"

भागूबाई उसळल्या. "लागायचं असतं तर आधी मला नसतं लागलं का गं?"

शंकरराव अर्ध्या जिभेने सावकाश बोलले, "गावात पाटलाकडे... आमचा कप गोठ्यात असायचा. आता खिडकीत. प्रमोशन झालं."

 भागूबाईंनी माझ्यातल्या पाण्याने त्यांचे ओठ ओले केले आणि उरलेलं मला तोंड लावून स्वतः पिऊन टाकलं. शिल्पा खाली बघत राहिली.

तिसरा

जखम भरली नाही. झिरपणारी लाळ मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला खात राहिली. एका सकाळी ड्रेसिंग लाल झालं, मग उशी, मग भिंत. जवळ शिल्पा होती. तिने उघड्या तळव्यांनी सासऱ्यांची मान दाबून धरली. "पप्पा, मी धरलंय, पप्पा, मी धरलंय." अॅम्ब्युलन्स आली तेव्हाही तिने हात काढले नाहीत. धरून ठेवायची गरज उरली नव्हती, हे तिला दुसऱ्यांनी सांगितलं.

आता मी खिडकीत नसतो. शिल्पा मला सगळ्या भांड्यांबरोबर घासते. अमेय हट्टाने माझ्यातूनच पाणी पितो. हे बघायला शंकरराव नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाचा पेला वेगळा ठेवलेला असेल, तर तो आजच आत घ्या.

माणूस आहे तोवर.