शिट्टीसरांचे प्रश्न

एकोणीसशे एक्क्याण्णव साली विभागातल्या हायस्कुलांच्या मुलींच्या फुटबॉल लीगचे दोन गट करायचं ठरलं. वरच्या गटात तगड्या शाळा, खालच्या गटात बाकीच्या. भूगोलाच्या बाईंची शाळा नेमकी मधे अडकली होती. वर राहिली तर सपाटून मार खाणार आणि खाली गेली तर नाक कापलं जाणार, अशी अवस्था.

बाईंच्या नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दोन माणसं शिरली की तिसऱ्याने बाहेर थांबावं, एवढंसं. तिथे रोज संध्याकाळी याच विषयाचा कीस पडायचा.

"नऊ-शून्य हरायचं आणि वर म्हणायचं, आम्ही शिकतोय!" शेजारचे औषधवाले म्हणायचे. "दरवर्षी तोच धडा. याला शिकणं नाही, नापास होणं म्हणतात."

"मग काय चिल्लीपिल्ली गोळा करून त्यांच्यात पैलवान व्हायचं?" डोळ्यावरचं भिंग न काढता घड्याळवाले विचारायचे. त्यांची स्वतःची लेक त्या संघाची गोलकीपर होती. सोळा वर्षांची, उंच, खांद्याने रुंद. संघातल्या मुली तिला 'भिंत' म्हणायच्या, आणि हळूहळू घरातही तेच नाव पडलं होतं.

लीगचे सेक्रेटरी टायरचे व्यापारी होते, पण माणूस विचारी. ते म्हणाले, नुसते गोल मोजून गट ठरणार नाहीत. शाळेत खेळ कसा चालतो तेही बघू. सराव, मैदान, मुलींची काळजी. शनिवारी शाळेतच सभा घेऊ आणि मग ठरवू.

इथे बाईंच्या शाळेचं पारडं एकदम जड झालं, ते शिट्टीसरांमुळे. सर खेळाचे शिक्षक. गळ्यातली शिट्टी ते वर्गात काय, लग्नसमारंभातसुद्धा काढत नसत. कुठल्याशा शिबिरात ते एक गोष्ट शिकून आले होते: डोक्याला मार बसलेल्या मुलीला विचारपूस केल्याशिवाय पुन्हा खेळवायचं नाही. त्या काळी हे कुणीच करत नसे. डोक्यावर पाणी ओतायचं आणि पाठीवर थाप मारायची, झालं. सर मात्र मैदानात धावत जात, मुलीपुढे गुडघ्यावर बसत आणि प्रत्येक वेळी तेच तीन प्रश्न विचारत. महिना कोणता? हाफ पहिला की दुसरा? शेवटचा गोल कुणी मारला? तिन्ही उत्तरं बरोबर आली तरच खेळ. सबंध विभागात सरांचं नाव झालं होतं.

बुधवारच्या सामन्यात समोरची धिप्पाड फॉरवर्ड बॉल घेऊन सुसाट आली. भिंतीने तिच्या पायात झेप घेतली, आणि त्या मुलीचा गुडघा भिंतीच्या कानशिलावर बसला. कडेला उभ्या असलेल्या बाईंना तो आवाज ऐकू आला. फार मोठा नव्हता. दार लोटावं तसा.

सर धावले, गुडघ्यावर बसले. भिंतीने मान वर केली आणि ओठ हलवले. सरांनी अंगठा दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर भिंतीने एक पेनल्टी अडवली, तेव्हा तर घड्याळवाले नाचायचेच बाकी राहिले. "बघितलंत? ही खालच्या गटातली पोर आहे का?" ते औषधवाल्यांच्या कानात ओरडले.

बाईंनी लेकीला स्कूटरवर मागे बसवून घरी आणलं. वाटेत ती काही बोलली नाही. दमली असेल, बाईंना वाटलं.

घरी आल्यावर तिने दिवा बंद करायला सांगितलं. मग पाठ फिरवून खूप वेळ बूट काढत बसली. बाईंनी वाकून पाहिलं, तर बूट कधीच काढून झाले होते आणि ती मोज्यांवरूनच नाडीची गाठ शोधत होती.

बाई तिच्या शेजारी खाटेवर टेकल्या.

"पोरी, बरं वाटतंय ना?"

"हो ग आई. किती विचारशील?"

"आपण घरी कशा आलो?"

भिंतीने डोळे बारीक केले. "बसने. कशा म्हणजे काय?"

बाई हसल्या. म्हणजे हसायचा प्रयत्न केला. हसता हसता त्यांनी खाटेची कड धरली.

रात्रभर त्या उठून उठून तिचा श्वास बघत राहिल्या. तिने कूस बदलली की यांना हायसं वाटायचं आणि ती स्वस्थ पडली की त्या तिच्या नाकापाशी हात धरायच्या. नवरा म्हणाला, "अगं, पोरं खेळली की लागतंच. थकल्यावर मलासुद्धा आठवत नाही मी काय जेवलो." तो वाईट माणूस नव्हता. त्याला मुलीचं कौतुक होतं, आणि कौतुकाच्या आड त्याला दुसरं काही दिसत नव्हतं.

गुरुवारी दुपारी संघातल्या दोघीतिघी घरी आल्या. पुढे कॅप्टन. ही फुलबॅक खेळायची, भिंतीच्या अगदी पुढ्यात. जिभेने तिखट आणि मनाने सरळ. बाई चहाचे कप घेऊन खोलीच्या दारापर्यंत गेल्या आणि आतला आवाज ऐकून थबकल्या. आधी वाटलं, परीक्षेचा अभ्यास चालला आहे.

"महिना?"

"फेब्रुवारी."

"हाफ?"

"तू बोट दाखवशील ते. एक म्हणजे पहिला."

"गोल?"

"तू पाठीवरचा नंबर दाखवशील."

"शाबास! काल मेली गोंधळली होतीस. मी दोन बोटं नाचवतेय आणि ही आकाशात बघतेय!"

सगळ्या खळखळून हसल्या. "सरांना म्हणावं, पेपर तरी बदला दरवर्षी," कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा.

बाईंना उलगडा झाला. म्हणजे हे एकट्या भिंतीचं नव्हतं. सगळ्या संघाचं होतं. सर मुलीसमोर वाकले की त्यांच्या पाठीमागे कॅप्टन उभी राहून बोटं दाखवत होती. कुणाला फसवायचं म्हणून नव्हे. खेळातून कुणी बाहेर जाऊ नये, एवढ्याचसाठी. संघात मुली आधीच मोजून मापून. भिंत बाहेर बसली तर गोलमधे उभं राहायला दुसरी कुणी नव्हतीच.

बाई आत गेल्या तसा सगळ्यांनी घाईघाईने चहा संपवला.

मुली गेल्यावर त्यांनी लेकीला समोर बसवलं. "रविवारी तू खेळायचं नाहीस."

"आई! रविवारी शेवटची मॅच आहे."

"तुला काल काय झालं ते आठवत नाही."

"आठवतं. पेनल्टी अडवली मी."

"कुठल्या बाजूला झेप घेतलीस?"

भिंतीने उजवा हात उचलला, तो खाली घेऊन डावा उचलला. मग तिचे डोळे भरले. "तू सरांना सांगितलंस ना आई, तर शाळा खाली जाईल आणि सगळे म्हणतील भिंतीच्या आईमुळे गेली. मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

शुक्रवारी बाई तिला ओढतच डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली, बोट नाकासमोरून फिरवलं. मग विचारलं, "आज वार कोणता? महिना? बुधवारी काय स्कोअर झाला?" भिंतीने पाढे म्हणावेत तशी उत्तरं दिली; स्कोअर मैत्रिणींनी कालच सांगून ठेवला होता. डॉक्टर खुश. "काही नाही हो बाई. जरा दुखेल. पोर हुशार आहे."

बाईंना वाटलं, आपलंच डोकं फिरलंय की काय. सर म्हणतात ठीक. डॉक्टर म्हणतात ठीक. बाप म्हणतो ठीक. आणि घरी येताना पोर जिना चढताना कठडा धरून चढते, एकेक पायरी, म्हाताऱ्या माणसासारखी. रविवारी समोर कुठली शाळा होती ते बाईंना ठाऊक होतं. त्या शाळेच्या मुली गोलकीपरला उडवूनच बॉल काढायच्या. आणखी एक गुडघा. बस, आणखी एकच. त्यापुढचा विचार त्या करू शकत नव्हत्या. मन तिथवर जायचं आणि विहिरीच्या काठावरून मागे सरावं तसं सरायचं.

शनिवारी चित्रकलेच्या हॉलमधे सभा भरली. बाकं कडेला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. मागच्या रांगेत संघातल्या मुली बसल्या, भिंत मधोमध, कॅप्टन तिच्यापासून थोडी लांब, खिडकीपाशी उभी.

औषधवाल्यांनी सुरुवात केली. "मुलींना कधीतरी जिंकू द्या हो. हरण्याची सवय लागली की माणूस सगळीकडेच हरतो."

"आणि सोपं जिंकायची सवय लागली की?" घड्याळवाले मागून म्हणाले. लोक हसले.

मग सेक्रेटरी उठले. "गोलांचं सोडा. मी सगळ्या शाळा फिरून आलोय. मुलींची अशी काळजी कुठेच घेत नाहीत. दोन वर्षांत सरांच्या तपासणीत एकही मुलगी अडकलेली नाही. याला म्हणतात दर्जा! माझं मत, ही शाळा वरच राहावी, आणि हे तीन प्रश्न पुढच्या वर्षीपासून सगळ्या लीगला लागू करावेत."

टाळ्या कडाडल्या. शिट्टीसर उठून उभे राहिले. लाजून त्यांची मान शिट्टीकडे झुकली.

बाईंनी ते शब्द मनात पुन्हा म्हटले. सगळ्या लीगला. म्हणजे प्रत्येक शाळेत एक सर गुडघ्यावर बसणार आणि प्रत्येक सरांच्या मागे एक मुलगी बोटं दाखवणार.

"मला बोलायचंय," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना पुन्हा म्हणावं लागलं.

"बोला ना बाई," सेक्रेटरी म्हणाले.

बाई मागे वळल्या. "उभी राहा, पोरी."

भिंत उठली. तिच्या नजरेतली विनवणी बाईंना दिसली. हॉलच्या उजेडाने तिचे डोळे मिटमिटत होते.

"बुधवारी मॅच संपल्यावर तू घरी कशी आलीस?"

भिंतीचे ओठ हलले, पण शब्द निघेना. मग तिची मान सावकाश खिडकीकडे वळली. आणि कॅप्टनने, काही कळायच्या आत, नुसत्या सवयीने, हात पुढे करून मूठ पिळली. स्कूटरची रेस द्यावी तशी.

"स्कूटरवरून," भिंत म्हणाली.

उत्तर बरोबर होतं. पण बाई लेकीकडे बघतच नव्हत्या. त्या कॅप्टनकडे बघत होत्या, आणि त्यांच्या नजरेमागून सगळ्या हॉलची नजर तिकडे गेली होती. कॅप्टनचा हात तसाच हवेत राहिला. तिने तो पाहिला, दुसऱ्या हाताने धरून खाली ओढला आणि हमसून हमसून रडायला लागली.

शिट्टीसर रांगेतून वाट काढत मागे गेले. ते भिंतीसमोर उभे राहिले, आणि पहिल्यांदाच त्यांनी चौथा प्रश्न विचारला. "बाळ, बुधवारी आपण कुणाशी खेळलो?"

भिंतीने पुन्हा खिडकीकडे पाहिलं. सर मधे आले. "तिकडे नाही. माझ्याकडे बघ."

"माहीत नाही सर," ती म्हणाली. मग लहान मुलीसारखी घाबरून, "मला काहीच आठवत नाही. बुधवार आठवतच नाही."

सर शेजारच्या खुर्चीत मटकन बसले. "किती जणी?" त्यांनी मुलींना विचारलं. "आजवर असं किती जणींच्या बाबतीत केलंत?" मग एकीने हात वर केला. मग दुसरीने. सर त्या हातांकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा राखेसारखा होत गेला.

घड्याळवाले उठून लेकीपाशी आले. तिला उजेड लागू नये म्हणून त्यांनी आपला कोट तिच्या डोक्यावरून घेतला आणि तिला धरून बाहेर नेलं. दारात भिंत आईजवळून गेली, पण तिने मान वळवली नाही.

त्या संध्याकाळी तिला मोठ्या इस्पितळात दाखवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, मेंदूला चांगलाच धक्का बसलाय, वेळेत आणलंत. उद्या पुन्हा मार बसला असता तर, आणि पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. बाई बाहेर येऊन बाकावर बसल्या. तिथे मात्र त्यांच्या अंगाला असं कापरं भरलं की नवऱ्याला दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरून ठेवावे लागले.

रविवारी संघ मैदानात उतरलाच नाही. शाळा खालच्या गटात गेली. त्यासाठी मतदानसुद्धा घ्यावं लागलं नाही.

भिंत दीड महिना पडदे ओढलेल्या खोलीत होती. त्या वर्षीची परीक्षा बुडाली. आईशी ती बोलली, पण कामापुरतं, आणि असं वर्षभर चाललं. मग एके दिवशी भांडली, चांगली कडाडून, आणि त्यानंतर बोलणं सुरळीत झालं. पुन्हा ती गोलमधे कधी उभी राहिली नाही. पुढे तिने छपाईचा कारखाना काढला. तिला दोन मुलगे झाले. ती पेनल्टी तिला आजतागायत आठवलेली नाही. लोक सांगतात म्हणून तिने अडवली असं ती म्हणते.

कॅप्टन शाळा संपवून परदेशी गेली आणि तिकडचीच झाली. सेक्रेटरींनी लीग आणखी काही वर्षं चालवली आणि मग टायरचं दुकान मुलाच्या हाती देऊन दोन्हीतून अंग काढून घेतलं. औषधवाले म्हणत राहिले की मी सांगत होतो, पण त्यांनी असलं काही सांगितलं नव्हतं, आणि घड्याळवाले त्यांना तसं तोंडावर ऐकवायचे. घड्याळवाले गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली.

शिट्टीसरांना एका वरच्या गटातल्या शाळेने बोलावलं होतं. ते गेले नाहीत. डोक्याला जरा लागलं की मुलगी बाहेर, प्रश्न नाही, उत्तर नाही, असा त्यांनी नियम केला. त्यामुळे खालच्या गटातसुद्धा शाळा हरायची. लोक कुजबुजायचे, सर भित्रे झाले. सर म्हणायचे, झालोय.

बाई निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवत राहिल्या. शाळेचे सामने त्या बघायला जात. पण गोलकीपर झेपावली की डोळे मिटून घेत, आणि शेजारी बसलेल्याला विचारत, "उठली का?"