हॉलातलं सारवण

आमचं मालक एकदा न्हाय म्हणालं की न्हायच. पण माझी लेक नीलम्मा त्येंचीच की! कोल्हापुरात बोर्डिंगला ऱ्हाऊन मूर्तिकाम शिकत हुती. अठ्ठ्याहत्तर साली तिच्या शाळंचं प्रदर्शन लागलं, तवा मालक म्हणालं, "चिखलात खेळून लई झालं. बघून येऊया, आन् येताना तिला ट्रंकसकट घरी आणूया."

गडमुडशिंगीस्नं एस.टी.नं निघालो. वाटंभर एकच इचार: पोरीचं शिक्षण आज सुटतंय, दुसरं काय सुचंना.

हॉलात जाऊन बघतोय तर काय! पोरीनं फरशीवर माती टाकून शेणानं सारवलेलं. अजून वलंच हुतं. मधी मातीची एक बाई गुडघं वर करून बसल्याली. पोटात तिच्या चूल. पाठीवर नांगराच्या तासांच्या रेघा. केसांच्या जागी उसाचा पाला. तिची टाच बघितली आन् माझी नजर माझ्याच पायाकडं गेली. ती भेगाळल्याली टाच माझी. पोरं जलमून सैल पडल्यालं प्वाट बी माझंच. आदी लाज वाटली, मग छाती फुगली. आमचं अंग चार लोकांत मानानं कोण मांडतंय ओ?

मालकांनी सवयीनं कडंलाच पायताण काढलं. तोंड मातूर वाकडं. "हे शिकाय पाठवलतं व्हय तुला? चल, ट्रंक भर."

"न्हाय अप्पा." मूर्तीपाशी हुबी आसल्याली पोरगी जाग्याची हलंना.

तेवढ्यात बक्षीस ठरवायला आल्यालं सुटाबुटातलं एक पावणं मूर्ती जवळनं बघाय पुढं सरलं. त्येंचा बूट सारवणावर पडणार, एवढ्यात मालक वरडलं, आख्खा हॉल हादरला.

"ओ पावणं! पायताण काढा आदी! माझ्या लेकीनं घर सारवलंय, दिसंना व्हय?"

नीलम्माचं डोळं भरलं. पावणं बिचारं भलं माणूस, हसत हसत वाकून बुटाची नाडी सोडाय लागलं.

आपण काय बोललो ते मालकास्नी मागनं उमगलं. कान लाल झालं. पण मागं सरतील तर ते कसलं? सारवणाच्या कडंला मांडी घालून बसलं, आन् दिवस मावळोस्तर येईल त्येला पायताण काढाय लावलं.

निघताना मी भीत भीत इचारलं, "ट्रंक घ्यायची न्हवं?"

"कसली ट्रंक?" माझ्यावरच खेकसलं. "उद्या येरवाळी, कोंबड्याच्या आदी उठ. परत यायचंय. आपण नसलो की ही माणसं पोरीचं घर तुडवत्यात."