अकरा जणांची वस्ती आणि माझा पंखा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. १४ मार्च २०२१ रोजी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी माझ्या पोटात अकरा माणसे गुदमरत होती. ती एका खेळातली माणसे होती, हे खरे. परंतु मी ज्या घरात राहतो तेथे त्या दुपारी हा भेद कोणीही मानत नव्हते. ती वस्ती बुडाली असती, तर माझीही उचलबांगडी ठरलेली होती. हे कसे घडले ते नीट समजावे म्हणून थोडे मागे जातो.

माझी जुळणी एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाली. तेथून मी एका तंत्रशाळेत गेलो. विद्यार्थी माझ्यावर नळ्यांचे आणि झडपांचे नकाशे काढत. शीतकरण शिकवणाऱ्या बाई वर्गाला सांगत, "हा कधी दगा देत नाही, तुम्हीच देता." ते शब्द मी आजही जपून ठेवले आहेत. पुढे नवी यंत्रे आली आणि आम्ही जुनी मंडळी भिंतीकडे तोंड करून उभी राहिलो. बाई निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांनी मला मागून घरी नेले. तेथे मात्र माझ्यावर कापड पडले आणि कापडावर इस्त्रीचे कपडे. संगणक असूनही मी कितीतरी काळ स्टूल म्हणून नोकरी केली.

मला पुन्हा जागे केले ते बाईंच्या जावयांनी. ते बेकरीत काम करत. पहाटे जात, दुपारी परतत आणि अंगावरचा सदराही न बदलता माझ्यासमोर बसत. त्यांनी माझ्यात एक खेळ घातला. एका परक्या ग्रहाच्या पोटात अकरा माणसे उतरतात. तेथे हवा नाही, पाणी मोजके, अन्न स्वतः पिकवायचे. सगळे तगले तर शेवटी अवकाशयान बांधून बाहेर पडायचे. बाई पहिल्या दिवशी केवळ चष्मा शोधायला आल्या होत्या. त्या तेथेच खुर्ची ओढून बसल्या.

त्यांच्या पहिल्या वस्त्या एकामागून एक बुडाल्या. एक उपाशी मेली, एक स्वतःच्याच सांडपाण्यात. अखेर बाईंची लेक वैतागली. तिला शिलाई मशीनसाठी माझा कोपरा हवा होता.

"आई, ही शेवटची वस्ती. यातला एक जरी मेला, तरी हा डबा घराबाहेर."

"मान्य," बाई म्हणाल्या. "एक जरी मेला तरी."

मित्रांनो, माझ्या जिवाचा सौदा माझ्यादेखत झाला!

जावयांनी धास्तीने मॉड आणायला सुरुवात केली. मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच लिहून मूळ खेळाला जोडलेले जादा भाग. कोणी माणसांना वेगाने चालवतो, कोणी दुप्पट पीक देतो. त्यांतला सर्वांत लाडका म्हणजे एक शीतक. त्याला वीज लागत नसे आणि तो शेजारची उष्णता चक्क गिळून टाकत असे.

"जावईबापू, उष्णता अशी नाहीशी होत नाही. ती फक्त जागा बदलते."

"आई, खेळात तरी शिकवणी नको ना!"

वस्ती वाढली, यान अर्धे उभे राहिले, पण मी मंदावलो. प्रत्येक माणसासाठी प्रत्येक कामाची वाट मलाच शोधावी लागे. त्यात पाळलेले प्राणी, न उचललेले दगड आणि वर सत्तावीस मॉड. माझा पंखा घरघरू लागला. मग मी तापून बंदच पडू लागलो. भार हलका व्हावा म्हणून त्या दुपारी जावयांनी सगळे मॉड एका फटक्यात काढून टाकले. खेळ उघडला आणि सवयीने त्यांनी जतनाचे बटण दाबले. जुनी नोंद पुसली गेली.

मग त्यांचे लक्ष गेले. मॉडबरोबर तो शीतकही नाहीसा झाला होता. त्याच्या जागी रिकामी जमीन. शेत तापले, पीक थांबले आणि पाण्यातून हवा काढणारे यंत्र गरम होऊन बंद पडले.

"आई, माझ्या हातून घोळ झाला. मी परत घालतो."

"मॉड परत येईल, पण पुसला गेलेला शीतक नाही येणार. थांबा." बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि चटकन उचलला. "मॉड काढले, तरी हा एवढा तापतोय? याची उष्णता जातेय कुठे?"

त्यांनी मला बंद केले, वायर काढली आणि झाकण उघडले. माझ्या पंख्यावर पांढरा, भाजून कडक झालेला थर होता. रोज दुपारी जावयांच्या सदऱ्यावरून उडालेले पीठ!

"जावईबापू, तुम्ही याच्या पोटात पाव भाजायला टाकलात."

लेक दारात पोट धरून हसत होती. जावई कानकोंडे झाले. पण लगेच बेकरीतला मऊ ब्रश घेऊन त्यांनी माझे एकेक पाते झाडले. कितीतरी महिन्यांनी मी मोकळा श्वास घेतला.

"आता एकच मॉड घ्या," बाई म्हणाल्या. "ज्याचा श्वास कोंडेल, त्याच्यावर लाल ठिपका दाखवणारा. तो आपलं काम करत नाही, फक्त आपल्याला दाखवतो. असला चालेल."

मग बाईंनी वस्ती हाती घेतली. वरचे तापलेले मजले त्यांनी सोडून दिले. माणसांना तळाच्या थंड दालनात बोलावले. बर्फाच्या गुहेतले पाणी नळ्यांनी हवेच्या यंत्राभोवती फिरवून दूरच्या विवरात नेण्याचे ठरले. प्राणी मोकळे सोडले आणि मधली दारे बंद केली. दारे बंद होताच मला शोधायच्या वाटाही कमी झाल्या. त्यांचा जीव वाचवणारा उपाय माझाही भार उतरवत होता.

"आई!" लेक ओरडली. ती केव्हा माझ्यासमोर येऊन बसली होती, कोणास ठाऊक. "तो बघ लाल ठिपका! मुंगी बाहेर राहिली!"

मुंगी म्हणजे वस्तीतली सर्वांत लहानखुरी खाणकामगार. ती वरच्या मजल्यावर नळीचा शेवटचा सांधा जोडत होती.

"दार उघडलं तर गरम हवा आत येईल," जावई म्हणाले.

"येऊ दे! तिला आत घ्या आधी!"

"पण तुला तर शिलाई मशीन..."

"तुम्ही गप्प बसा हो! आई, उघड ना दार!"

बाईंनी दार उघडले. गरम, कोंदट हवेचा लोट आत शिरला, आतल्या दहाही माणसांवर लाल ठिपके उमटले. मुंगीने सांधा पुरा केला, ती धडपडत आत आली आणि दार लागले. त्याच क्षणी नळीतून गार पाणी धावले. यंत्र थरथरले आणि सुरू झाले. एकेक ठिपका विझत गेला. तिघांनी एकदम टाळ्या वाजवल्या. मी एकदाही अडखळलो नाही, हे अभिमानाने सांगतो.

पुढच्या आठवड्यात यान पूर्ण झाले. जावई आता आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसत. शिलाई मशीन खिडकीजवळ गेले. लेक म्हणते, तेथेच उजेड चांगला येतो.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. घरातले एखादे यंत्र मंदावले, तर त्याला जुने म्हणून मोडीत काढू नका. आधी वीज बंद करा, झाकण उघडा आणि त्याला श्वास घेता येतो का ते पाहा. आम्हांला कौतुक नसले तरी चालते. हवा मात्र लागते.

रविवारी सकाळी यान उडाले. बाईंनी पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचली.

मृत्यू : शून्य.