भरीव पट्टी

कारखान्यात तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे तुटकबाई. हे नाव तिच्या बोलण्यावरून पडलं असावं, असं नव्या माणसाला वाटे. पण ते पडलं होतं भिंतीवरून. सभागृहाच्या लांब भिंतीवर पुढच्या काही वर्षांचा नकाशा लावलेला होता. वर, बाजाराला काय लागेल. मधे, कारखाना कोणती यंत्रं काढील. आणि खाली, त्या यंत्रांसाठी कोणतं तंत्र हाताशी असायला हवं. प्रत्येक गोष्टीची एक रंगीत कागदी पट्टी. जे चाचणीत उतरलंय त्याची पट्टी भरीव, जे अजून आशेवर आहे त्याची तुटक. नियम तिनेच घातला होता. इंजिनिअर आपापली पट्टी भरीव करून घ्यायला येत, ती चाचणीचा अहवाल मागे, आणि बहुतेक जण तुटक पट्टी घेऊन परत जात. बाईंनी लग्नाच्या फोटोतही नवऱ्याला तुटक रेषेतच ठेवलं असेल, असा विनोद कॅन्टीनमध्ये चाले. तो तिच्या कानावर आला होता. तिला तो आवडलाही होता.

सगळ्या नकाशाचा भार मात्र एका निळ्या पट्टीवर होता: तेलाविना चालणारा कॉम्प्रेसर. औषधांचे आणि खाण्याच्या वस्तूंचे कारखाने आता कॉम्प्रेसरमधून येणाऱ्या हवेत तेलाचा थेंबही चालवून घेत नव्हते. जुन्या कॉम्प्रेसरला तेल लागे, म्हणून त्याचं गिऱ्हाईक दर वर्षी कमी होत होतं. नव्याची अडचण एकच होती. पिस्टनभोवतीची रिंग तेलाशिवाय कोरडी घासत राहणार, तापणार, आणि तरी झिजता कामा नये. ती रिंग दुसऱ्या कंपनीकडून यायची होती. त्या कंपनीत नवं तंत्र पाहणारा मुख्य माणूस म्हणजे तिचा धाकटा भाऊ. कानशिलं पांढरी झाली तरी घरी तो अजून बाळ्याच होता.

रविवारी दोघं आईकडे जेवायला जमत. या खेपेला दुसऱ्याच दिवशी कारखान्यात वर्षाची मोठी बैठक होती आणि रिंग पुरवणारा म्हणून त्यालाही बोलावणं होतं. पानावर बसल्या बसल्या त्याने विचारलं, "ताई, तुमच्याकडची चाचणी कुठवर आली?"

तिने कसली म्हणून विचारलं.

"रिंगची. दुसरी कसली?"

थट्टा करतोय असं वाटून ती म्हणाली, की रिंग तुमची, मग चाचणी आमच्या गळ्यात कशी? तो हसला नाही. नमुने पाठवले होते ना, म्हणाला. ते तुमच्या प्रयोगशाळेत कॉम्प्रेसरवर चढवून चालवताय, असं त्याने धरलं होतं. तिला नमुने आठवले. ते आले होते, मापाला बरोबर बसतात का एवढं पाहिलं होतं, आणि कपाटात ठेवले होते. चालवून पाहायचा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नव्हता, कारण रिंगा चालवून तर त्याच्या कंपनीने पाहिल्या होत्या. तसं तिने धरलं होतं.

घास हातातच राहिला. मग हळूहळू दोघांनी मागचं उलगडलं. मागे याच टेबलाशी, आईच्या हातचं जेवता जेवता, तो म्हणाला होता की रिंग झालीच समज. तिने दुसऱ्या दिवशी जाऊन निळ्या पट्टीखालची रिंगची पट्टी भरीव केली. उभ्या जन्मात अहवाल न पाहता भरीव केलेली ती एकच पट्टी. पुढच्या खेपेला ती कौतुकाने म्हणाली, तुझी रिंग आमच्या भिंतीवर भरीव लागलीय. त्याने जाऊन आपल्या मालकाला सांगितलं, की गिऱ्हाइकाने रिंग पास केली. मालकाने त्या शब्दावर रिंगांसाठी नवी भट्टी घेतली. त्याच्याही कंपनीत असा एक नकाशा होता, आणि त्यात रिंगच्या पुढचं सगळं ताईच्या चाचणीवर उभं होतं. ताईचं सगळं त्याच्या रिंगवर. दोन आंधळे एकमेकांचा हात धरून चालले होते आणि दोघांनाही वाटत होतं, पुढचा डोळस आहे.

"काय बिघडलं का?" आईने विचारलं.

"काही नाही आई, कामाचं," दोघं एकदमच म्हणाली.

जिना उतरून ती गाडीपाशी आली तेव्हा तो मागोमाग आला. उद्या काही बोलू नकोस, एवढंच त्याचं म्हणणं होतं. नमुने आपण गुपचूप चालवू, सहा महिन्यांत रिंग उभी करू, कोणाला कळणारही नाही. ती म्हणाली, सहा महिने आहेत कुठे? उद्याच जुनी लाइन विकायचा कागद पुढे येतोय. जुन्या कॉम्प्रेसरचे ओतकामाचे साचे, त्याची यंत्रं, सगळं एक गिऱ्हाईक उचलणार आहे. ते एकदा गेलं की परत येत नाही. मग हातात ना जुना कॉम्प्रेसर, ना नवा.

"गप्प राहिलीस तर तुमच्याकडे थोडा उशीर होईल," तो म्हणाला. "बोललीस तर माझं घर बसेल. माझ्या शब्दावर भट्टी आलीय, ताई."

"आणि रिंग नाही टिकली तर?"

"टिकेल."

"हे भरीव की तुटक?"

तो तिच्या गाडीच्या काचेवरची धूळ बोटाने पुसत राहिला, लहानपणी काही मागायचं असलं की असाच दारात चाळा करत उभा राही.

तिच्या कारखान्याच्या मालकांची एक रीत होती. वर्षाच्या बैठकीत ते नकाशासमोर उभे राहत आणि एकेका पट्टीवर तळहात ठेवून अंगाचा भार भिंतीवर टाकत. मग त्या पट्टीच्या माणसाकडे बघून विचारत, "टेकू का?" माणसाने "टेका" म्हटलं की पुढची पट्टी. ही रीत त्यांच्या वडिलांची. तेव्हा नकाशे नव्हते, ते नव्या यंत्रावरच टेकत. तरणे इंजिनिअर हसत, पण त्या हाताखाली "टेका" म्हणताना कोणाचाही आवाज थोडा बदलत असे.

त्या सकाळी हात सरकत सरकत रिंगच्या पट्टीवर आला. टेबलावर विक्रीचा कागद उघडा होता. उत्पादनप्रमुखाने पेनाचं टोपण काढूनच ठेवलं होतं. जुन्या लाइनची कटकट एकदाची जावी म्हणून त्याने वर्षभर देव पाण्यात घातले होते. मालक भावाकडे वळले.

"ही तुमची. टेकू का?"

भावाने तिच्याकडे पाहिलं. रात्रभर झोप नसल्याचं त्याच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि तिच्याही दिसत असणार. आपल्याआधी तोच खरं बोलेल, अशी तिची आशा होती. ती आशाही तुटकच निघाली.

"टेका," तो म्हणाला.

मालकांनी हात उचलला आणि कागदाकडे वळले. उत्पादनप्रमुखाने पेन पुढे केलं. तिला कळलं, की आता गप्प बसलं तर पुढे बोलायला काही उरणारच नाही. ती उठली.

"टेकू नका," ती म्हणाली.

नकाशापाशी जाऊन तिने रिंगची पट्टी सोडवली. गोंद चांगला होता; कागद फाटत फाटत निघाला आणि खालच्या भिंतीचा पोपडाही घेऊन आला. मग तिने सरळ सांगितलं, की ही रिंग चालवून कोणीच पाहिलेली नाही. त्यांना वाटलं आम्ही पाहतोय, मला वाटलं त्यांनी पाहिली.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं झाली म्हणून?" मालकांनी विचारलं.

"माझ्या भावाने. जेवताना."

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"आणि तुम्हाला?" मालक भावाकडे वळले.

या सभागृहात इतक्या वर्षांत त्याने तिला मॅडमशिवाय हाक मारली नव्हती. आता तो खाली बघून म्हणाला, "ताईनं."

मालकांनी विक्रीचा कागद मिटला आणि खिशात घातला. ते चिडले नाहीत, हेच जास्त जड गेलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलो होतो, एवढं ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले. जुनी लाइन चालू राहील, पण फार दिवस तग धरणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. उत्पादनप्रमुख टोपण शोधत टेबलाखाली वाकला होता. नकाशावरच्या पट्ट्या बदलायचा अधिकार दुपारपर्यंत दुसऱ्याकडे गेला. बाईंकडे चाचणीचं काम राहील, असं मालकांनी निरोपात कळवलं. त्यात रागही नव्हता, उपकारही नव्हता.

सभागृहाबाहेरच्या बोळात भावाने तिला गाठलं. ती काही बोलेल म्हणून थांबला. मग तोच म्हणाला, "बाहेरच्या सगळ्यांकडे अहवाल मागतेस. माझ्याकडेच तेवढा मागितला नाहीस." आणि गेला. त्यात टोमणा किती आणि हिशेब किती, ते तिला ठरवता आलं नाही.

ती प्रयोगशाळेत गेली. कपाटातून नमुने काढले. रिंगा काळ्याभोर, हलक्या, खेळण्यातल्या बांगड्यांसारख्या दिसत होत्या. तंत्रज्ञाने एक चढवली आणि विचारलं, लगेच चालू करू? पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस हजर असल्याशिवाय चाचणी धरता येत नाही, हा नियमही तिचाच होता. तिने भावाला फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला. मग तिने निरोप लिहिला: चाचणी सुरू करायची आहे, तुमच्याकडून कोणीतरी लागेल. 'तुमच्याकडून' हा शब्द तिने खोडून परत लिहिला, कारण दुसरा बसत नव्हता.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं.

"माणूस पाठवतो, मॅडम."