दुसरा खटका

टक्.

स्वयंपाकघरातून आवाज आला आणि तिचं पेन थबकलं. बाळ नुकतंच झोपलं होतं, घर चिडीचूप होतं. हा आवाज घडीच्या शिडीच्या खटक्याचा, हे तिच्या कानांनी ओळखलं. शिडीला दोन बाजूंना दोन खटके; उघडल्यावर दोन्ही लागले तरच ती पक्की. ती दुसऱ्याची वाट बघत राहिली.

शिडी कारखान्याची, नमुना म्हणून आलेली. शिडीसोबतचं इंग्रजी सूचनापत्रक हिने लिहायचं होतं. जमलं तर घरबसल्या कायमचं काम. नाही तर तान्ह्याला कुणाच्या तरी हवाली करून बाहेर पडणं आलं. आणि सकाळीच कारखान्यातल्या मोठ्या बाईंनी पत्रक परत पाठवलं होतं. हिने जवळजवळ प्रत्येक सूचनेला 'पॅरामाउंट' लावलं होतं. शब्द भारदस्त, वाटलं, बाई खूश होतील.

बाई फोनवर म्हणाल्या, "अगं, पॅरामाउंट म्हणजे ज्याच्या वर काहीच नाही ते. तू तर सगळ्यांनाच गादीवर बसवलंस. मग राज्य कोण करणार? एकच निवड, संध्याकाळपर्यंत."

तेव्हापासून ती डोकं धरून बसली होती. जमीन सपाट हवी, वजन बेताचं हवं, पायऱ्या कोरड्या हव्यात, खटके लागलेले हवेत. कुणाला खाली बसवावं? तिची सवयच तशी. बूट महत्त्वाचे, दूध महत्त्वाचं, टोपी तर फारच महत्त्वाची. तुझ्या घरात दुसरा नंबर कुणाचा येतच नाही, म्हणून नवरा चिडवायचा.

दुसरं टक् आलं नाही.

ती धावली. तिची लेक भिंगरी पहिल्या पायरीवर उभी होती, नजर फळीवरच्या बिस्किटांच्या डब्यावर. हिने एका हाताने तिची कंबर धरली आणि दुसरा हात, काही सुचायच्या आत, पलीकडच्या खटक्यावर गेला. सैल होता. अंगठ्याने दाबला. टक्. मग कुठे तिला दिसलं, की लेकीचे पाय ओले आहेत आणि शिडी पायपुसण्यावर तिरकी उभी आहे.

लेकीला कडेवर घेऊन ती हसतच सुटली. दिवसभर डोक्याला सापडलं नव्हतं ते हाताला आधीच ठाऊक होतं.

पत्रक मग झरझर उतरलं. दोन्ही खटके लागल्याची खात्री करणं, तेवढंच पॅरामाउंट. जमीन, वजन, पायऱ्या यांना 'इम्पॉर्टंट' पुरलं. शिडी पुसून ठेवा, याला नुसतं 'प्लीज'.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. "आता कसा राजा दिसला. उद्या झोपाळा पाठवते, त्याचंही तूच लिही. आणि त्याच्या पुढचंही."

फोन ठेवून तिने भिंगरीला गरागरा फिरवलं, दोघींनी मिळून डबा काढला. बिस्किटाचा चुरा उडवत भिंगरीने विचारलं, की दिवसभर आईच्या तोंडी असलेलं ते 'पॅरामाउंट' म्हणजे काय. तिने सांगितलं: ज्याच्या वर कुणीच नाही ते. आणि ते एकच असतं, बरं का.

आतून बाळ रडलं. ती लगबगीने उठली, तशी भिंगरीने तिची बाही धरली.

"आई, मग तुझं पॅरामाउंट कोण? मी की बाळ?"