चरवीतली बागमती

या, असे जवळ सरका. टाळ मांडीवरून खाली ठेवा, उदबत्ती जळू द्या. आज एक गोष्ट सांगतो. पुराणातली नाही, आपल्या भिलाईतली. कारखान्याची धुराडी अजून उभी राहत होती, वसाहतीच्या सेक्टरांत झाडांपेक्षा विटांचे ढीग जास्त होते, तेव्हाची. गोड नाही. तरी उठू नका, शेवटपर्यंत ऐका.

त्या उन्हाळ्यात गुलाबराव फोरमननी आपल्या भजनी मंडळाची बस काढली होती, थेट परमुलखात, नेपाळात. पशुपतिनाथ करायचा आणि काशी-प्रयाग करत परत यायचं. मंडळाची एकवीस माणसं आणि बाविसावी भागीरथा. ती मंडळातली नव्हे. तिला नेली चुलीसाठी. जिथं बस थांबेल तिथं तीन दगड मांडायचे आणि ड्रायव्हरसकट सगळ्यांचा स्वयंपाक करायचा. गुलाबराव म्हणाले होते, "तुले देव, आमाले भाकर. कोनाचंच नुकसान नाही."

तिला देव नको होता, पाणी हवं होतं. तिचा नवरा देवाजी कारखान्यात खलाशी, अवजड यंत्रं दोरखंडांनी वर चढवणारा. मागच्या पावसाळ्यात धुराड्याच्या परांचीवरून त्याचा पाय सरकला, आणि कमरेखालचं अंग मेलं. पावर हाउसजवळच्या मजुरांच्या कॅम्पातल्या झोपडीत तो आठ महिने पडून होता. पाठीला जखमा, वास, माश्या. हिवाळ्यात मैदानावर एक बुवा आले, तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला खाटेसकट कीर्तनाला नेलं. बुवा रंगात आले आणि बोलून गेले, की पशुपतीच्या पायरीशी वाहणारं बागमतीचं पाणी ज्याच्या ओठाला लागलं, त्याचा जीव जाताना अडत नाही. देवाजीनं ते गाठीला बांधलं. घरी आल्यावर म्हणाला, "भागीरथे, तेवढं पानी आन. मंग मी सुखानं जातो. तुह्यावालाही जाच सरन."

म्हणून शेजारणीला, रंभाला, त्याच्या उशाशी बसवून ती निघाली होती.

आता प्रवासाचा शेवटचा दिवस होता. सकाळी कवर्धा सोडलं, दुपारी बेमेतरा मागं पडलं. वैशाखाचं ऊन पत्र्यातून आत येत होतं, पण बसमध्ये लग्नघरासारखी गडबड. बायकांनी ठेवणीतली लुगडी काढली होती, पुरुष टोप्या झटकत होते. पाच वाजता सेक्टरच्या मैदानावर सत्कार होता. बँडवाले सांगितलेले, कारखान्याचे मोठे साहेब हार घालणार.

वर फळीवर, पेंढ्यात, एकवीस तांब्याचे गडवे होते. काठमांडूच्या तांबटानं त्यांच्या झाकणांना कथलाचा डाक लावून ती पक्की बंद करून दिली होती. घरी गेल्यावर मावंद्याच्या दिवशी पूजा मांडायची आणि तेव्हाच ते फोडायचे, त्याआधी नाही. भागीरथेच्या चरवीला झाकणच नव्हतं. तोंडावर फडकं बांधून तिनं वरून मेण ओतलं होतं, आणि बागमती सोडल्यापासून चरवी मांडीवरून खाली ठेवली नव्हती. भाकरी थापतानाही दोन गुडघ्यांत धरायची.

दुर्ग अजून लांब होतं तेव्हा बसच्या नाकाडातून वाफ उठली. ड्रायव्हर सुखराम उतरला, बॉनेट उघडून मागं सरला.

"इंजिन पानी मांगता है," तो म्हणाला. "आगे दो कोस पे तालाब है. मैं डब्बा लेके जाता हूँ."

"दोन कोस जाच्चं अन् दोन कोस याचं?" गुलाबराव ओरडले. "अबे, साहेब हार घेऊन उभा राहीन तिकडं! सुरया पाहा."

पिण्याच्या पाण्याच्या सुरया कोरड्या होत्या. सकाळपासून सगळ्यांनी तोंडं धुतली होती, केस ओले करून भांग पाडले होते.

"चार-पाच शेर मिला तो तालाब तक खींच लूँगा," सुखराम म्हणाला.

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. मग सगळ्यांनी एकदम वर पाहिलं, गडव्यांकडे. आणि तितक्याच एकदम नजरा खाली घेतल्या.

"डाक फुटला का मावंदं नाही होत," मंडळातला नत्थू म्हणाला. "यात्राच वाया."

"मंग?"

"भागीरथेचं आहे ना. त्याले कुठं डाक आहे? कापडच तं बांधलं. तसं पाह्यलं तं उघडंच."

भागीरथेनं चरवी पोटाशी ओढली. "नाही जी. हे माह्या घरच्याच्या तोंडात टाकाचं आहे. तो थांबून राहिला."

"आठ महिने थांबला," पुंडलिक म्हणाला, "आनखी थोडा नाही थांबत काय?"

बसमध्ये हशा पिकला.

"मी जातो ना तलावावर," ती म्हणाली. "मले द्या डब्बा. मी पळत जाऊन आनतो."

"तू परत येईपर्यंत बँडवाले घरी जातीन, बाई."

"एकेकाच्या गडव्यातलं एकेक घोट घ्या ना, दादा. माह्यंही घ्या त्यात. पर सगळं नका घेऊ."

नत्थूनं फळीवरचा पेंढा गडव्यांवर नीट ओढून घेतला. तेव्हा गुलाबरावांच्या पत्नी सिंधुताई उठल्या, भागीरथेशेजारी येऊन बसल्या. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"असं काय करतं वो? फुकट आली ना सगळ्याईसंगं? देव पाह्यला ना फुकट? मंग थोडं मन मोठं कर. मी देईन ना तुले आमच्या गडव्यातलं. घरी गेल्यावर. माह्या गळ्याची आन." आणि हात फिरवता फिरवता त्यांनी दुसऱ्या हातानं चरवी उचलली.

सुखरामनं चरवी हातात घेतली, भागीरथेकडे पाहिलं, आणि मान खाली घालून रेडिएटरात ओतली. पाणी चुरचुरलं. गुलाबरावांनी टोपी काढली, हात जोडले. "बागमतीमाईनं गाडी तारली! बोला, पशुपतिनाथ महाराज की..."

"जय!" सगळे म्हणाले. बस चालू झाली, आणि मंडळींनी भजन धरलं. गळे खरंच गोड होते, खोटं कशाला सांगू.

तलावावर सुखरामनं काठोकाठ पाणी भरलं. मैदानावर बस पाचाला दहा कमी असतानाच पोचली.

एकवीस हार आणले होते. भागीरथा मागच्या दारानं स्वयंपाकाच्या डेगी उतरवत होती तेव्हा गर्दीतून रंभा धावत आली. "चाल लवकर, भागीरथे! सकाळपासून घरघर लागली. तुहीच वाट पाहून राहिला."

ती तशीच सिंधुताईंकडे गेली. "बाई, चमचाभर द्या. तुमी आन घेतली हाय."

सिंधुताईंच्या गळ्यात हार होता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. गुलाबराव म्हणाले, "गुरुवारी मावंदं. डाक तेव्हाच निघन, त्याआधी शास्तर नाही. तू गुरुवारी सकाळीच ये, पुऱ्या लाटाच्या आहेत."

ती बसकडे धावली. "सुखराम भाऊ, ते पानी मले परत दे."

"माई, अब उसमें सब मिल गया."

"एखादा थेंब तं असन."

सुखरामनं तिच्या हातून चरवी घेतली. बसखाली निजून त्यानं रेडिएटरची तोटी सोडली. तांबडं, गंजाचं, वर तेलाचे रंग तरंगणारं ऊन पाणी चरवीत पडलं. तिनं ते पदरातून तीनदा गाळलं.

देवाजीचे डोळे उघडे होते. तिला पाहून ते ओले झाले. "आनलं?"

"आनलं जी. पशुपतीच्या पायरीचं. तोंड उघडा."

त्यानं तोंड उघडलं, लहान पोरासारखं. तिनं चमचा घातला. पाणी जिभेवर थांबलं, आणि देवाजीचा चेहरा बदलला. पाच वर्षं त्या माणसानं यंत्रांत काढली होती. ही चव त्यानं झोपेतही ओळखली असती.

"हे इंजिनचं पानी हाय."

"नाही जी, बागमतीचंच..."

"तेल हाय याच्यात. गंज हाय." त्यानं ते तोंडातून बाहेर सोडलं. "कुठं होती एवढे दिवस? तू गेलीच नाही. मरत्या मानसाले फसवतं?"

तिनं बसचं सांगितलं, गडव्यांचं सांगितलं, सिंधुताईंच्या शपथेचं सांगितलं. त्यानं भिंतीकडे तोंड केलं. दात मिटले ते मिटलेच. ती दुसरा चमचा धरून बसली, तो ओठांवरून ओघळून उशीत गेला. जीव काही सुखानं गेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरघर चालली, आणि तेवढ्या वेळात तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

गुरुवारी मावंदं थाटात झालं. एकवीस गडवे फुटले, दीडशे माणसांनी तीर्थ घेतलं. इतकं उरलं, की तुळशीला घालावं लागलं. भागीरथेला सुतक होतं. पुऱ्या लाटायला ऐन वेळी दुसरी बाई शोधावी लागली, याची सिंधुताईंना फार हळहळ वाटली.

झाली गोष्ट. आता आरती होईल, तीर्थाची पळी तुमच्यापुढं येईल. ते तळहातावर घ्याल, तेव्हा ओठाला लावायच्या आधी एक श्वासभर थांबा, आणि देवाच्याही आधी कॅम्पातल्या त्या भागीरथेची आठवण काढा. एवढं माझं मागणं आहे.