एका माणसामागे आठ

माझा हिशोब कधी चुकत नाही. ही फुशारकी नव्हे. आरोग्य केंद्रात क्लार्क म्हणून चौदा वर्षं काढली, ऑडिटवाले आले नि चहा पिऊन गेले, कुणी एका पैशाचा आक्षेप काढला नाही. आता सांगतो त्यातही गुणाकार बरोबरच होता.

आमचं केंद्र कट्टा या बाजारगावापासून चार मैल आत. डॉक्टर आठवड्यातून दोनदा, तेही एसटी वेळेवर आली तर. बाकीचे दिवस नर्स सावित्री आणि मी. सावित्री दोडामार्गाकडची, कामाला खमकी आणि बोलायला फटकळ. त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर जिल्ह्याहून पत्र आलं. पटकी, म्हणजे कॉलरा, देशोदेशी फिरते आहे, आपल्याकडे कधीही येईल, तेव्हा प्रत्येक केंद्राने पुढच्या वर्षाच्या खर्चाचा अंदाज पाठवावा. रीतही दिली होती. रजिस्टरातले मागच्या वर्षाचे पटकीचे रुग्ण, गुणिले सलाइनच्या आठ बाटल्या, गुणिले अकरा रुपये.

रजिस्टरात पटकीचे रुग्ण शून्य होते. खरे किती, ते मला पक्कं ठाऊक होतं. एकोणीस. त्या वर्षी देवीच्या जत्रेनंतर चार दिवसांत एकोणीस माणसं आडवी झाली. पेजेच्या निवळीसारखं पाणी जाऊन डोळे खोल गेले. दोघं दगावली. ती सगळी मी 'साधे जुलाब' म्हणून लिहिली आणि डॉक्टरांनी न वाचता सही ठोकली.

का लिहिली? देवीचे मानकरी काशिनाथ, म्हणजे माझे सख्खे काका, तेव्हा केंद्राच्या पायरीवर येऊन बसले होते. पटकी हा शब्द कागदावर आला की सरकार पुढच्या वर्षी जत्रेला परवानगी देत नाही, अशी गावात सगळ्यांची समजूत. काका आवाज न चढवता म्हणाले, "हरी, रजिस्टर तुझ्या हातात आसा. देवीची जत्रा आपल्या घराच्या हातान बंद पडाक नको." माझी बायको मथुरा जत्रेचा प्रसाद रांधणाऱ्या पाच सवाष्णींतली एक. भीती वाटली, आणि खोटं कशाला बोलू, थोडा रुबाबही वाटला, की देवीचं काम माझ्या पेनावर अडलंय.

तर आता अंदाज पाठवायचा होता. सावित्री म्हणाली, एकोणीस लिहा. मी खेकसलो तिच्यावर. एकोणीस लिहायचे म्हणजे मागचं रजिस्टर खोटं, डॉक्टरांची सही खोटी आणि माझी नोकरी गेली. तिला तरी काय, बदली होऊन निघून जाईल. मग ती म्हणाली, निदान देवळाच्या तळीत ब्लिचिंग टाकू द्या. मी काकांना विचारलं. देवीच्या पाण्याला औषधाचा वास येता कामा नये, असं ते म्हणाले, आणि विषय संपला. मी कागदावर शून्य लिहिलं. शून्य गुणिले आठ, शून्य. खाली दुहेरी रेघ मारली.

डिसेंबरात उत्तर आलं. आपल्या केंद्रास तरतुदीची गरज दिसत नाही, सबब शिल्लक चाळीसपैकी तीस बाटल्या फोंडाघाटच्या बाजूला पाठवाव्यात. सावित्रीने खोकी स्वतः केंद्राच्या जीपमध्ये चढवली.

आमच्या जत्रेची रीत अशी की पाचही सवाष्णी आदल्या दुपारपासून उपास धरतात. पोटात फक्त तळीचं पाणी. त्याच पाण्याने प्रसाद रांधायचा, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. एक जरी बोलली तरी सगळं अन्न बाटलं म्हणून टाकून देतात. जत्रेच्या दिवशी मी सकाळी दहाला परीटघडीचे कपडे घालून देवळाच्या मागे गेलो. मथुरा खांबाला टेकून बसली होती. दोनदा उठून मागे गेली, हातपाय धुऊन परत चुलीशी आली. चेहरा उतरला होता. मी खुणेनं विचारलं, काय झालं? तिने मान हलवली, काही नाही. मला वाटलं, धुराने असेल. इतर चौघींकडे मी पाहिलंसुद्धा नाही. मूर्ख माणूस मी, तिच्या निष्ठेचं कौतुक करत मंडपात जाऊन बसलो.

नैवेद्य तीनला दाखवला. मग ती बोलली. "पायात गोळे येतत ओ," एवढंच, आणि चुलीपाशीच कलंडली.

चारपर्यंत पाचहीजणी केंद्रात होत्या. तोंडाने दिलेलं मीठ-साखरेचं पाणी एकीलाही टिकत नव्हतं. सावित्रीने कपाट उघडलं. दहा बाटल्या. तिने कुणाला काही न विचारता पाचींना दोन-दोन वाटून दिल्या. मथुरा माझी बायको म्हणून तिला तिसरी द्या, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मग शेजारच्या चटईवर काकांची सून जानकी दिसली, आणि मी जीपवाल्याला शोधायला बाहेर पडलो.

जीप मी फोंडाघाटला पिटाळली. रात्री तिथलं गोदाम उघडायला माणूस शोधायचा, म्हणजे कितीही घाई केली तरी परत यायला सकाळच होणार होती. काका पुन्हा त्याच पायरीवर येऊन बसले होते. तळीवर माणूस उभा करून लोकांना पाणी पिऊ देऊ नका, असं मी त्यांना सांगितलं. ते उठले नाहीत. सकाळपासून बारा हजार माणूस पिऊन गेलं होतं, आणि मुंबईच्या बसगाड्या कट्ट्याहून सुटूही लागल्या होत्या.

सावित्रीने रजिस्टर माझ्यापुढे आणून ठेवलं. "आता काय लिवतल्यात, भाऊ?"

पटकी, असं लिहिलं. मथुराचं नाव पहिलं. अक्षर वाईट आलं, माझं अक्षर तसं येत नाही.

जीप सकाळी नऊला परत आली. आमच्याच खोक्यांतल्या पंधरा बाटल्या उरल्या होत्या, त्या घेऊन. मथुराची दुसरी बाटली आदल्या संध्याकाळी सातलाच संपली होती. नंतर मी तिचा हात धरून बसलो, आणि ती शुद्धीत असेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. पाच गुणिले आठ, चाळीस. डिसेंबरापर्यंत कपाटात होत्या तेवढ्याच. पत्रातला आठचा आकडा अगदी बरोबर होता, दोनवर माणूस जगत नाही.